अळणी सरपण

आमच्या खानावळीत आलेला माणूस आधी हात धुतो, मग ताटावर बसतो आणि मग आमटी खारट झालीय का अळणी, ते सांगतो. जालिंदरतात्या पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा हात धुऊन सरळ मागच्या पडवीत घुसले. तिथं पेलेटची पोती रचलेली होती. एका पोत्यात हात घालून त्यांनी एक कांडी काढली, तिच्यावर फुंकर मारली आणि टाकली की तोंडात! सुपारीसारखी दाढेखाली धरून कटकन फोडली आणि डोळे मिटून चघळत उभे राहिले.

माझी जाऊ शोभा भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. "अवो तात्या, ताट तिकडं वाढलंय! ते सरपान हाय!"

"ठावं हाय मला," तात्या डोळे न उघडता म्हणाले. "मानसं जेवायच्या आधी शेगडी काय जेवती, ते बघू दे."

मग बाहेर जाऊन थुंकले, चूळ भरली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "खारट हाय. शेगडी वरीस काढायची न्हाय."

आता तुम्हीच सांगा, राग येईल का नाही? शेगडी नवीकोरी, आठवड्यापूर्वी आलेली. तिला लावलेलं हळदीकुंकू अजून पुसलं नव्हतं, आणि या म्हाताऱ्यानं आल्या आल्या नाट लावला. मी तशी तोंडाची फटकळ. म्हटलं, "तात्या, आमटी खारट लागली तर सांगा. सरपनाचं आमचं आमी बघू." तात्यांनी मान डोलावली, तीन भाकरी खाल्ल्या आणि आमटी झकास झालीय म्हणून गेले. दुसऱ्या दिवसापासून रोजचं गिऱ्हाईक झाले. रोज आधी पडवी, मग ताट.

थोडं आमचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. लोणी देवकरच्या कारखान्यांना लागूनच आमची खानावळ आहे. आम्ही दोघी जावा ती चालवतो. नवरे उसाच्या ट्रॅक्टरवर, हंगामात घरी दिसले तर देव पावला. एका कारखान्याच्या कॅन्टीनला दुपारचं जेवण द्यायचं काम आम्हाला मिळालं होतं, दीडशे माणसांचं. साडेबाराला जेवण गेटवर म्हणजे गेटवर. गॅस परवडेना, चुलीवर एवढा भात वेळेत शिजेना. म्हणून बारामतीहून पेलेटची शेगडी आणली. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा, उसाचं पाचट, असलं काहीबाही दळून यंत्रात दाबून केलेली बोटभर कांडी. शेगडीच्या पोटात पत्र्याचं एक भांडं असतं, त्याला सगळीकडून भोकं. त्या भोकांतून छोटा पंखा वारा मारतो आणि आग अशी पांढरीधमक उठते, की धुराचं नाव नको. शोभा तर पहिल्या दिवशी शेगडीसमोर उभी राहून नुसतीच हसत होती.

आणि पेलेट घेतलं कालव्याकडच्या पोपटरावांचं. त्यांनी नुकतंच यंत्र टाकलं होतं. सगळ्यांपेक्षा स्वस्त आणि वर घरपोच. मी मोठी शहाणी, पडवी भरून माल घेऊन ठेवला.

तात्या म्हणजे साखर कारखान्यातले जुने बॉयलरवाले. चौतीस वर्षं बॉयलरपुढं उभे राहिलेले. निवृत्त झाल्यावर गावी येऊन राहिले. बायको त्याआधीच गेलेली, मुलगी सोलापूरकडं दिलेली. घरात एकटेच. पण त्यांचा जीव काही बॉयलरमधून सुटला नव्हता. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी, "राख दाखवा!" पाहुणा म्हणून आलेला माणूस पाणी मागतो, चहा मागतो. हे राख मागायचे. चिमटीत धरायचे, बोटांवर चोळायचे, नाकाशी न्यायचे, आणि मग त्या घराची सगळी कुंडली सांगायचे. ओलं जळण घालता, चूल वेळेवर झाडत नाही, सकाळी घाईत असता. बरं, सांगायचे ते खरं निघायचं, हेच तर लोकांना खुपायचं.

लग्नात गेले तर मांडवात दिसायचे नाहीत. मांडवामागं आचाऱ्याच्या भट्टीपाशी उकिडवे बसलेले असायचे. मंगलाष्टकं सुरू झाली की अक्षता तिथूनच भिरकावायचे. निम्म्या आमटीत पडायच्या. त्यांच्या पुतणीचं ठरवायला मंडळी इंदापूरला गेली होती. पोरगा शिकलेला, घर दोन मजली, सगळ्यांना पसंत. तात्या परसात जाऊन आले आणि म्हणाले, "पोरगं ब्येस हाय. पर बंबात टायरचं तुकडं जाळत्यात. जी मानसं अंघुळीच्या पान्याखाली टायर जाळत्यात, ती सुनंला काय सुखानं ठेवनार?" तिथल्या तिथं सगळ्यांनी त्यांना गप्प केलं. ते लग्न झालं, आणि पोरगी सुखात आहे, हेही सांगून टाकते. तात्यांचं सगळंच खरं निघतं असं नाही. पण त्या घरात आता टायर जाळत नाहीत. दर दिवाळीला तात्या जाऊन बंब तपासून येतात.

सगळ्यात कहर म्हणजे त्यांच्या बरण्या. ज्याची त्याची राख काचेच्या बरणीत भरून, वर चिठ्ठी चिकटवून फळीवर ओळीनं मांडलेली. एकदा त्यांची मुलगी आणि जावई आले. जावईबापू फळीपाशी उभे राहून वाचायला लागले आणि घामाघूम झाले. चिठ्ठ्यांवर लिहिलेलं, "दामूअण्णा", "सरपंचांची आई", "मंगल, खानावळ". त्यांना वाटलं, सासऱ्यांनी अर्ध्या गावाच्या अस्थी घरात जमवल्यात! आणि ती मंगल म्हणजे मी. धडधाकट जिवंत, आणि माझी राख बरणीत! मला कळलं तेव्हा मी तात्यांना असं फैलावर घेतलं, की विचारू नका. तात्या शांतपणे म्हणाले, "तुजी न्हाय गं, तुज्या शेगडीची. आन् ती बी बरी न्हाय. खडं धराय लागलीय."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "खाल्लेलं अंगाला लागतंय. मानसाच्या बी आन् शेगडीच्या बी." दिवसातून दहा वेळा. आमच्याकडं जेवायला येणारी पोरं आपापसात त्याची नक्कल करायची.

सात-आठ महिने बरे गेले. मग शेगडी कुरकुरायला लागली. पांढरीधमक आग लाल झाली, मरतुकडी झाली. भाताला उकळी फुटेना. सकाळी राख काढावी तर राखेचे वितळून दगड झालेले, भांड्याला चिकटून बसलेले. उलथन्यानं खरवडलं की दगडाबरोबर पत्र्याचे पापुद्रे निघायचे. भोकांच्या कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या. काही भोकं बुजली, काही दोनाची एक झाली. एक दिवस जेवण अर्धा तास उशिरा गेलं. पंधरवड्यात पुन्हा तेच. कॅन्टीन बघणारे साहेब तसे सभ्य माणूस. ओरडले नाहीत, पण म्हणाले, "मंगलताई, दोनदा झालं. तिसऱ्यांदा माणसं उपाशी शिफ्टवर गेली तर मला काम दुसऱ्याला द्यावं लागेल."

ते काम गेलं असतं तर खानावळीत उरलं काय असतं? चार पोरांचे डबे. शोभीनं त्या कामाच्या भरवशावर पोरीला बारामतीला शिकायला ठेवलं होतं.

मी एसटी धरून बारामतीला शेगडीवाल्याच्या दुकानात गेले. सोबत ते खाल्लेलं भांडं पिशवीत. त्यानं ते दोन बोटांत धरलं, नाक मुरडलं आणि दुकानभर गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "ताई, हे मशीन आहे, चूल नव्हे. आमटी उतू जाते, मिठाचं पाणी आत जातं आणि पत्रा खातं. बायकांच्या हातात दिलं की हे असंच होतं. गॅरंटीत बसत नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी! माझी आमटी उतू जाते? वीस वर्षं रांधतेय मी, माझं दूध उतू गेलेलं कुणी पाहिलं नाही. मला हिशेबानं बोलता येतं, भांडता येतं, पण पत्रा कशानं खाल्ला हे मला कुठं माहीत होतं? येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून बसले आणि भिगवण येईपर्यंत रडले. रागानं रडले, हे लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी तात्या नेहमीसारखे पडवीत शिरले. मी मागून गेले. नाक घासायची वेळ आली होती, घासलं. म्हटलं, "तात्या, तुमी म्हनला व्हता ते खरं झालं. आता काय करू?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बघ, सांगितलं होतं की नाही. तात्यांचा चेहरा असा खुलला, जसं काही मी त्यांना नवरदेव म्हणून उभं केलंय. "भांडं आन हिकडं," म्हणाले. चष्मा कपाळावर नेऊन, भांडं डोळ्याला लावून सगळ्या बाजूंनी न्याहाळलं. एक पापुद्रा सोलून जिभेवर ठेवला. मग म्हणाले, "उतू गेलं असतं तर वरनं खाल्लं असतं. हे आतनं खाल्लंय, आगीच्या बाजूनं. तुजी आमटी न्हाय ही. चार दिस दे मला."

मग सुरू झाली तात्यांची तपासणी. आधी त्यांनी पोपटरावांचं एक पोतं सोडून बाकी सगळी बाजूला लावली आणि इंदापूरच्या लाकूड कापायच्या गिरणीतून भुशाचं पेलेट मागवलं. ती कांडी चाखली, जमिनीवर टाकून तिचा आवाज ऐकला, "चालतंय" म्हणाले. खाल्लेलं भांडं सायकलच्या चाकाच्या तारेनं एक एक भोक मोकळं करत साफ केलं. मोठ्या भोकांवर ओळखीच्या वेल्डरकडून ठिगळं लावून आणली. आग पहिल्यासारखी उठली नाही, पण भात वेळेत झाला. तेवढे चार दिवस आम्ही दोघी श्वास धरून होतो.

इकडं पडवीत तात्यांनी वेगळाच संसार मांडला. दोन सारखी पातेली. एकात पोपटरावांचं पेलेट, दुसऱ्यात गिरणीचं, दोन्ही मापून. पाणी कुठलं, तर पिण्याच्या जारचं. मी म्हटलं, बोअरचं घ्या की. तर माझ्यावरच डाफरले. "आपल्या बोअरचं पानीच मचूळ. आपलं मीठ पोपटाच्या डोक्यावर मारायचं न्हाय. भांडन असलं तरी माप सरळ पायजे." रात्रभर भिजवून ते पाणी तीनदा फडक्यातून गाळलं. त्यातलं थोडं दोन वाट्यांत काढून प्रत्येकात दोन-दोन खिळे टाकले, एकाच पुड्यातले, चकचकीत. उरलेलं तसंच झाकून ठेवलं.

चौथ्या दिवशी कॅन्टीनचे साहेब स्वयंपाकघर बघायला येणार होते. तात्या म्हणाले, "त्या बारामतीवाल्याला बी बोलीव."

"तो कशाला येतोय?"

"मी बोलीवतो." आणि शोभीच्या मोबाइलवरून फोन लावला. "हॅलो, लोनीवरनं बोलतोय. हितं येका कंपनीचं सायेब शेगडी बघाय येनार हायत. तुमची शेगडी. तुमी असला तर बरं व्हईल." यात खोटं काय होतं सांगा? दोन तासांत तो इस्त्रीच्या शर्टात हजर. पोपटरावही नव्या मालाची गाडी घेऊन आले होते, ते आपसूकच सापडले. दुपारचं जेवण वेळेत गेटवर गेलं होतं, त्यामुळं माझ्या अंगात जोर होता. खानावळीतली जेवणारी पोरं ताटं हातात घेऊन भोवती उभी राहिली.

शेगडीवाल्यानं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ताई, मी तुम्हाला सांगितलंय..."

"तुमी बसा," तात्या म्हणाले. "आमटी दावतो तुमाला."

दोन नवे तवे तापवून ठेवले होते. एकावर गिरणीच्या पेलेटचं पाणी ओतलं, दुसऱ्यावर पोपटरावांचं. चुर्रर करत पाणी उडालं, पुन्हा ओतलं, पुन्हा उडालं. पातेली संपेस्तोवर हे चाललं. शेवटी पहिल्या तव्यावर पिवळसर डाग तेवढा राहिला. दुसऱ्यावर पांढरा थर धरलेला, चुन्याचं बोट फिरवल्यासारखा. मग तात्यांनी वाट्या पुढं केल्या. एका वाटीतले खिळे जरा काळवंडलेले. दुसऱ्या वाटीतले गंजून लालभडक, पाणीसुद्धा तांबडं झालेलं.

"घ्या," तात्यांनी दुसऱ्या तव्यावरचा थर नखानं खरवडून शेगडीवाल्याच्या पुढं धरला. "चाखा."

"मी काय..."

"चाखा की वो! रोज चाखतो मी. मेलो का?"

पोरं हसायला लागली. शेगडीवाल्यानं बोट जिभेला लावलं. तोंड वाकडं झालं. "खारट आहे," तो पुटपुटला.

"कुनाची आमटी ही? मंगलची?"

साहेबांनी स्वतःही जिभेला लावून बघितलं. ते इंजिनिअर. म्हणाले, "क्लोराइड आहे. तापल्यावर हे पत्रा खाणारच."

"तुमी काय बी नाव ठेवा सायेब, आमी त्याला मीठ म्हनतो," तात्या म्हणाले.

आता पोपटराव उसळले. "माजा माल स्वच्छ हाय! त्यात काडीची भेसळ न्हाय. निव्वळ उसाचं पाचट!"

"कुन्या रानातलं?"

"कालव्याखालच्या. फुकट देत्यात लोकं."

"का फुकट देत्यात?"

"रान खारवट झालंय तितलं, वर पांढरं फुललंय. ऊस बोटायेवढा येतोय. त्याच्या शेंड्याचं हिरवं वाढं बी जनावर तोंडात धरत न्हाय, म्हून..." आणि पोपटराव मध्येच थांबले.

"जनावराला कळलं," तात्या म्हणाले. "तुला न्हाय कळलं."

असा हशा उठला की एकाच्या हातातलं ताट पडलं. पोपटराव वाईट माणूस नाहीत, खरंच सांगते. आमच्या भागात पाणी आहे म्हणून लोक उसाला पाणी पाजत सुटले, तळातलं मीठ वर आलं, ते उसात चढलं, पाचटात राहिलं, पाचटातून कांडीत आणि कांडीतून माझ्या शेगडीत. फुकट मिळतंय म्हणून पोपटरावांनी घेतलं, स्वस्त मिळतंय म्हणून मी घेतलं. दोघंही सारखेच शहाणे.

शेगडीवाला उठला आणि तात्यांसमोर हात जोडून म्हणाला, "चुकलं तात्या. नवं भांडं बसवून देतो."

"मला कशाला म्हनतो? माजी कुठं शेगडी हाय? तिला म्हन. आन् दुकानात जेवढ्या मोठ्यानं म्हनला व्हतास, तेवढ्याच मोठ्यानं म्हन."

तो माझ्याकडं वळला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, तुमच्या वापराची चूक नव्हती. माझं चुकलं." काय सांगू तुम्हाला! त्या क्षणी मला कुणी इंदापूर तालुका नावावर करून दिला असता तरी एवढं बरं वाटलं नसतं. शोभा तर हातात लाटणं घेऊन नाचायचीच बाकी होती. साहेब जाताना म्हणाले, "काम तुमच्याकडंच राहील. आणि या तात्यांना माझ्या बॉयलरकडं एकदा पाठवा."

पण तात्यांचं पोट तेवढ्यानं भरलं नाही. ते पोपटरावांच्या मागं लागले. यंत्र बंद करू नको, म्हणाले, पाचट धू. पोपटरावांनी कपाळाला हात लावला. सरपण कोरडं ठेवायला जग धडपडतं, आणि हा माणूस म्हणतो भिजवा! सगळ्या गावानं ठरवलं की उन्हाचा परिणाम झालाय. तात्या ऐकतात होय! स्वतः उभे राहून उंचवट्यावर पाचट पसरलं, गोड्या पाण्याचे फवारे दोन दिवस चालू ठेवले, खाली निघालेलं पाणी चरीनं वेगळ्या खड्ड्यात घेतलं. मग चैत्राच्या उन्हात ते पाचट उलथापालथ करून कुरकुरीत वाळवलं. पोपटराव शेजारी बसून कपाळ बडवत होते. त्याचं पेलेट निघालं त्या दिवशी अर्धा गाव यंत्रापाशी जमला होता. तात्यांनी गरम गरम पहिली कांडी उचलली, फुंकली, दाढेखाली फोडली. चघळत राहिले. पोपटरावांचा जीव टांगणीला.

"अळनी!" तात्या ओरडले. "अळनी हाय रं पोपटा!"

एखाद्या मालाला खारट नाही म्हणून टाळ्या पडलेल्या मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या. पोपटरावांनी सगळ्यांना पेढे वाटले. आता त्यांच्या पोत्यावर छापलेलं असतं, "धुतलेल्या पाचटाचे". मागच्या ऐन पावसाळ्यात लोक शेडमध्ये पाचट लपवत होते, तर पोपटराव उघड्यावर पसरून ठेवत होते. आभाळानंच धुऊन दिलं, म्हणाले. आमच्या नव्या भांड्याला दोन वर्षं होत आली. भोकं अजून गोलच्या गोल आहेत. मीच दर रविवारी सुई घालून बघते. एकदाही जेवण उशिरा गेलेलं नाही. आणि गेल्या महिन्यात दुसऱ्या कारखान्यानंही आम्हालाच काम दिलं. शोभीची पोरगी बारामतीतच आहे, शेवटच्या वर्षाला.

ते दुसरं काम मिळालं त्या दिवशी मी तात्यांना सांगून टाकलं. दुपार टळून गेली होती, गर्दी पांगली होती. म्हटलं, "तात्या, हे सगळं तुमच्यामुळं. शाल-नारळ तुमी घेत न्हाई, जेवनाचे पैसे बंद करते म्हनलं तर भांडता. आज काहीतरी मागाच. नाही मागितलं तर उद्यापासून ताट वाढायची न्हाई."

तात्यांनी शेगडीकडं पाहिलं. मग म्हणाले, "येक भाकरी करशील का? माज्या म्होरं?"

"येवढंच? दहा करते."

"येकच कर. मी हितं बसतो." आणि शेगडीच्या बाजूला पाट ओढून बसले. मी पीठ मळायला घेतलं. ते आगीकडं बघत बोलायला लागले. त्यांना मी एवढं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"चौतीस वर्सं कारखान्याची आग सांबाळली मी, मंगल. चिमनीतनं जरा काळा धूर निघाला तर जेवन टाकून पळायचो. आन् घरी माजी बायकू हौसा पाचाट, तुराट्या, मिळंल ते जाळून सैपाक करायची. सगळं घर धुरानं भरायचं. मी पाळीवरनं यायचो तवा ताट झाकून तयार असायचं. जेवायचो आन् झोपायचो. चुलीपाशी येकदा बी वाकून बघितलं न्हाय. ती खोकायची, तर मी म्हनायचो, जरा हळू खोक, झोप मोडती. पुढं डाक्टर म्हनला, धुरानं गेली. मला म्हनला त्यो. बॉयलरवाल्याला."

मी भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. उलटली. मग तवा उतरवून भाकरी जाळावर धरली, तशी ती टम्म फुगली. तात्या माझ्या तोंडाकडं बघत होते, भाकरीकडं नाही. भाकरी होईस्तोवर त्यांनी पापणी हलवली नाही.

"येकदा बी खोकली न्हाईस गं," ते म्हणाले.

मला तिथंच रडू फुटलं. मी एवढी फटकळ बाई, पण मला ते लपवता आलं नाही. भाकरी ताटात घातली, वर तूप सोडलं. तात्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि मोडायच्या आधी नुसतीच धरून बसले. मी नाक पुसलं आणि म्हटलं, "खावा गरम हाय तवर. उद्यापासनं दुपारी याच वेळी यायचं, आन् भाकरी व्हईस्तवर हितंच बसायचं." ते मानेनं हो म्हणाले आणि पहिला घास घेतला.